शेपटावरून पडलेलें नांव : 'सर्केरिया' ह्या शब्दाची कुळकथा

आपल्या भाषेंत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' ह्या दोन क्रियांमध्यें एका मात्रेचें व एका अनुस्वाराचें अंतर आहे; परंतु व्यवहारांत त्या दोन्ही पुष्कळदां एकाच प्रसंगीं घडतात. खेड्यांत एकाच नांवाचे चार गृहस्थ असले म्हणजे कोणी उंच, कोणी मिशाळ, कोणी टोपीवाला अशा उपपदानें ओळखला जातो. पुढें मिशा उतरल्या, टोपी गेली, तरी उपपद कायम राहतें. इतकेंच नव्हे, तर कधीं कधीं आडनांव होऊन तें नातवंडांच्या माथीं बसतें. शास्त्रज्ञ हा ह्या बाबतींत खेडुताहून फार निराळा नाहीं. त्यालाहि नव्या वस्तूची ओळख पटवून देण्यासाठीं प्रथम डोळ्यांत भरणारी खूणच धरावी लागते. ती खूण वस्तूच्या स्वभावाची कीं नुसत्या रूपाची, हें ठरावयाला मग शंभर वर्षें लागतात. अशा एका नांवाची हकीकत येथें सांगावयाची आहे. तें नांव शेपटावरून पडलें. आणि ज्याला तें पडलें त्या जीवाचें शेपूट हाच त्याचा सर्वांत क्षणभंगुर भाग निघाला.

हा शब्द म्हणजे 'सर्केरिया'. त्याचें वळण लॅटिन असलें तरी मूळ ग्रीक आहे. ग्रीक भाषेंत 'केर्कोस' म्हणजे पशूचें शेपूट. त्याला लॅटिन प्रत्यय लागून जो संकरज शब्द झाला, त्याचा अर्थ सरळ मराठींत 'शेपटीवाला' असाच होतो. ह्याच 'केर्कोस'पासून आफ्रिकेंतील लांब शेपटांच्या माकडांच्या एका प्रजातीस 'सर्कोपिथेकस', म्हणजे शेपटीचें माकड, हें नांव मिळालें आहे. आपल्याकडेहि 'लांगूल' म्हणजे शेपूट ह्या संस्कृत शब्दावरून 'लंगूर' हा शब्द आला. म्हणजे माकडाकडे पाहतांना ग्रीकांच्या व आपल्या पूर्वजांच्या दृष्टीस प्रथम एकच अवयव पडला! ग्रीकांजवळ शेपटासाठीं 'ऊरा' असा आणखी एक शब्द होता. त्यावरून शेपूट बाळगणाऱ्या उभयचर प्राण्यांच्या गणाला 'युरोडेला' आणि शेपूट टाकून देणाऱ्या बेडकांच्या गणाला 'अन्युरा' अशीं नांवें पडलीं. एकंदरींत प्राण्यांची वर्गवारी करूं पाहणाऱ्यांस शेपटाचा आधार फार मोठा वाटत आला आहे.

'सर्केरिया' हें नांव प्रथम योजिलें तें डेन्मार्कमधील निसर्गशास्त्रज्ञ ओटो फ्रेडरिक म्यूलर (१७३०–१७८४) ह्यानें, १७७३ सालीं. त्या काळची अडचण लक्षांत घेतल्याशिवाय म्यूलरच्या कामाचें मोल कळणार नाहीं. सूक्ष्मदर्शक यंत्र हातीं येऊन शंभर वर्षें होऊन गेलीं होतीं. डबक्यांतील पाण्याच्या एका थेंबांत हजारों जीव वळवळतात हें ठाऊक झालें होतें. पण त्यांना म्हणावें काय, हें मात्र कोणासच ठाऊक नव्हतें. सर्व सजीव सृष्टीला नांवें देऊन ती खणांखणांत लावून ठेवणारा प्रख्यात लिनीयस, तोहि ह्या थेंबापुढें हतबल झाला, आणि आपल्या महाग्रंथाच्या बाराव्या आवृत्तींत त्यानें ह्यांतील बहुतेक जीवांस 'केऑस', म्हणजे गोंधळ किंवा आदिम अंदाधुंदी, ह्या एकाच नांवाच्या पोतडींत टाकून दिलें.

म्यूलर हा ती पोतडी सोडून निवड करण्यास बसला. त्याच्यापाशीं आधार होता तो फक्त आकाराचा. कारण हे जीव काय खातात, कोठून जन्मतात, पुढें त्यांचें काय होतें, ह्यांपैकीं कांहींच समजलेलें नव्हतें. म्हणून जे गोल दिसले त्यांची एक प्रजाति, जे चपटे त्यांची दुसरी, आणि ज्यांच्या मागें शेपटासारखें कांहीं लोंबत होतें त्यांची 'सर्केरिया'. त्याचा सूक्ष्म जीवांवरील मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७८६ सालीं, प्रसिद्ध झाला, त्यांतहि ही प्रजाति आहे. आज आपण तिच्यांतील मंडळी पाहिली तर हंसू येतें. ज्याच्या योगानें डबक्याचें पाणी हिरवें दिसतें तो 'युग्लीना' हा अतिसूक्ष्म जीव तेथें आहे. समुद्राच्या पाण्यांत तरंगणारा तीन शिंगांचा 'सिरेशियम' आहे. आणि त्यांच्याच पंक्तीस कृमींचीं पिलेंहि बसलेलीं आहेत. परंतु हंसण्याचें कारण नाहीं. केऑसमधून निवड करावयाची असेल तर कोठून तरी आरंभ केला पाहिजे, आणि चुकीच्या खणांत ठेवलेली वस्तु पुढें शोधून काढतां येते. ढिगांत पडलेली सांपडत नाहीं.

शेपटाचा हा मोह किती दूर नेऊं शकतो ह्याचें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. हॉलंडमधील लेव्हेनहूक ह्यानें १६७७ सालीं पुरुषबीजांतील वळवळणारे सशेपूट कण पाहिले होते. ते शरीराचाच भाग आहेत, कीं शरीरांत राहणारे स्वतंत्र प्राणी आहेत, हा वाद दीडशें वर्षें चालला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं निसर्गशास्त्रज्ञांना त्यांचें शेपूट पाहून ते सर्केरियांचेच भाऊबंद वाटले, आणि परोपजीवी प्राण्यांच्या यादींत त्यांना जागा मिळाली. १८२७ सालीं फॉन बेअर ह्यानें त्यांना जें नांव दिलें, आणि जें अद्यापि पाश्चात्त्य भाषांत रूढ आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'बीजांतील प्राणी' असाच आहे. पुढें १८४१ सालीं कोलिकर ह्यानें ते शरीरांतील पेशींपासूनच तयार होतात असें दाखविलें, तेव्हां हा गैरसमज संपला. मनुष्याच्या वंशाचा आधार तोच एक बांडगुळासारखा परका प्राणी समजला जावा, आणि तो कशामुळें, तर एका शेपटाच्या साम्यामुळें!

इकडे म्यूलरच्या पोतडींतून एकेक पाहुणा आपापल्या घरीं जाऊं लागला. युग्लीना गेला, सिरेशियम गेला, आणि मागें उरली ती गोड्या पाण्यांतील गोगलगाईंच्या आसपास सांपडणारी चिमुकली सशेपूट मंडळी. आतां 'सर्केरिया' हें नांव त्यांचेंच झालें. त्यांचें गोगलगाईशीं कांहीं तरी नातें आहे अशी शंका जुनी होती. सतराव्या शतकांत स्वामरडाम ह्यानें गोगलगाय चिरून पाहतांना तिच्या अंगांत निराळेच कृमि पाहिले होते. १८१८ सालीं बोयानस ह्यास गोगलगाईच्या पोटांत पिवळेधमक कृमि आढळले, आणि त्या कृमींच्या अंगांतून सर्केरिया बाहेर पडतांना दिसले. ही मोठी चमत्कारिक गोष्ट होती. एका प्राण्याच्या पोटांत दुसरा, आणि त्याच्या पोटांत तिसरा. आणि तिघांचेंहि रूप एकमेकांशीं जुळत नाहीं! बोयानसचा लेख ज्या नियतकालिकांत छापला गेला, त्याचा संपादक ओकेन ह्यानें लेखाबरोबरच असा तर्क लिहून टाकला कीं, हे सर्केरिया म्हणजे पर्णकृमींचे गर्भ असावेत, ह्याविषयीं पैज मारावयास हरकत नाहीं. पर्णकृमि म्हणजे मेंढ्या, गुरें इत्यादिकांच्या यकृतांत सांपडणारे, झाडाच्या पानासारखे चपटे कृमि. संपादकाचा तर्क लेखकाच्या निरीक्षणापुढें धांवला, आणि तो खराहि ठरला. असा योग विरळाच.

पैजेचा निकाल मात्र लागला तो १८४२ सालीं, आणि तोहि म्यूलरच्याच देशांत. जपेटस स्टीनस्ट्रुप ह्या डॅनिश शास्त्रज्ञानें एका भांड्यांत गोगलगाई आणि सर्केरिया एकत्र ठेवून धीरानें पाहण्यास आरंभ केला. सर्केरिया गोगलगाईच्या अंगाभोंवतीं जमले, तिच्या बुळबुळीत त्वचेला चिकटले, आंत शिरण्याची धडपड करूं लागले; आणि त्या धडपडींत त्यांचें शेपूट तुटून पडलें. शेपूट गळाल्यावर त्यांनीं आपल्याभोंवतीं एक कोष केला व ते स्वस्थ झाले. आणि आंतील शेपूटविरहित देह पाहावा, तों तो एका लहानशा पर्णकृमीचाच! स्टीनस्ट्रुपनें ह्यावरून एक व्यापक सिद्धान्त मांडला. कांहीं प्राण्यांत आईसारखें मूल होत नाहीं. मूल निराळ्या रूपाचें, नातू आणखी निराळ्या रूपाचा, आणि कांहीं पिढ्यांनंतर पुन्हा मूळचें रूप प्रकट होतें. मधल्या ज्या पिढ्या स्वतः प्रौढ न होतां दुसऱ्यांना वाढवितात, त्यांना त्यानें 'दाया' असें मोठें घरगुती नांव दिलें. बोयानसचे पिवळे कृमि म्हणजे ह्याच दाया होत.

येथें 'सर्केरिया' ह्या शब्दाचा अर्थ मुळापासून पालटला. आजवर तें एका प्राण्याचें नांव होतें. आतां तें एका अवस्थेचें नांव झालें. बेडूकमासा हा जसा मासा नव्हे, तो बेडकाच्या आयुष्यांतील एक टप्पा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, बेडूकमाशाचें शेपूट हळूहळू अंगांत जिरून जातें, आणि सर्केरिया आपलें शेपूट उंबरठ्यावर चपला काढाव्या तसें काढून टाकतो. गोगलगाईंतून बाहेर पडल्यानंतर त्याला कांहीं खातां येत नाहीं. जन्मतः मिळालेल्या शिदोरीवर त्याला थोड्या तासांत, फार तर एकदोन दिवसांत, पुढचें घर गांठावें लागतें. शेपूट हें त्या एका प्रवासाचें वल्हें. प्रवास संपला कीं वल्ह्याचें काम संपलें. म्यूलरनें नौकेला वल्ह्याचें नांव दिलें होतें, आणि नौकेचें बंदर कोणतें हें त्याला दिसणें शक्यच नव्हतें.

वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं, एका डबक्यांतील किड्याचें शेपूट गळालें काय आणि राहिलें काय, त्याचा एवढा प्रपंच कशाला? ह्या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांतील मेंढपाळांनीं दिलें असतें. १८७९–८० सालीं अतिवृष्टीनंतर तेथें मेंढ्यांत पर्णकृमींची सांथ आली, आणि सुमारें तीस लाख मेंढ्या दगावल्या असा अंदाज करण्यांत आला. ओल्या कुरणांत चरणाऱ्या मेंढ्यांना हा रोग होतो हें धनगरांना शतकानुशतकें ठाऊक होतें. कां होतो, हें कोणालाच सांगतां येत नव्हतें. तेथील शेतकी संस्थेनें ह्याचा छडा लावण्याचें काम ऑक्सफर्ड येथील ए. पी. टॉमस ह्या पंचविशीहि न गांठलेल्या तरुणावर सोंपविलें, आणि त्याच सुमारास जर्मनींत लॉयकार्ट हा वयोवृद्ध पंडित त्याच प्रश्नाच्या मागें लागला. दोघांनींहि स्वतंत्रपणें, १८८१ ते १८८३ ह्या काळांत, सगळी सांखळी जोडून दाखविली. मेंढीच्या लेंड्यांबरोबर कृमीचीं अंडीं बाहेर पडतात. ओल्या जागीं तीं फुटून निघालेला डिंभ एका चिमुकल्या गोगलगाईंत शिरतो. तेथें दायांच्या पिढ्या होऊन शेवटीं सर्केरिया बाहेर पडतात. ते गवताच्या पात्यावर चढून शेपूट टाकतात व कोष करून बसतात. आणि तें गवत मेंढी खाते. म्हणजे पाणथळ कुरणांतील पाणी काढून दिलें, गोगलगाईला आसरा राहिला नाहीं, कीं मेंढी वांचली. हा उपाय औषधाच्या बाटलींतून आलेला नव्हता. तो शेपटाचा माग काढतां काढतां सांपडला होता.

मेंढ्यांची ही गोष्ट मनुष्यालाहि लागू पडणारी होती. ईजिप्त देशांत लघवीवाटे रक्त जाण्याचा रोग फार प्राचीन काळापासून आहे; विसाव्या राजवंशाच्या काळांतील दोन प्रेतांच्या मूत्रपिंडांत ह्या रोगाच्या कृमीचीं अंडीं रफर ह्यास आढळल्याचें १९१० सालीं प्रसिद्ध झालें. तो कृमि कैरो येथें १८५१ सालीं थिओडोर बिलहार्झ ह्या जर्मन वैद्यानें शोधला होता. पण तो शरीरांत येतो कोठून? कैरो येथील दुसरा थोर संशोधक लूस ह्याचें मत असें कीं, अंड्यांतून निघालेला डिंभ सरळ मनुष्याच्याच त्वचेंतून आंत शिरतो. मधें गोगलगाय नको, आणि अर्थातच सर्केरियाहि नको. लूसचा अधिकार एवढा मोठा होता कीं, ह्या मताला पुष्कळांनीं मान तुकविली.

हें मत खोडून निघालें तें पूर्वेकडून. जपानांत ह्याच जातीच्या एका कृमीमुळें भातशेतींत काम करणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खंगून मरत असत. तेथें मियाइरी व सुझुकी ह्या दोघांनीं १९१३ सालीं त्या कृमीची गोगलगाय शोधून काढली. दोनच वर्षांनीं, महायुद्धाच्या धामधुमींत, ब्रिटिश सैन्याला रोगापासून वांचविण्यासाठीं ईजिप्तला पाठविलेल्या लायपर ह्यानें तेथील कालव्यांतील गोगलगाईंतून निघणारे दुभंगलेल्या शेपटाचे सर्केरिया दाखवून दिले. हे गवतावर कोष करीत बसत नाहींत. पाण्यांत पाय सोडून उभ्या असलेल्या मनुष्याच्या कातडींत ते थेट शिरतात, आणि शेपूट मागें पाण्यांत टाकून जातात. लायपरनें सैन्याला दिलेला सल्ला अगदीं साधा होता : गोगलगाय नसलेल्या टांक्यांत पाणी दोन दिवस साठवून ठेवा, म्हणजे तें निर्धोक होईल. शिदोरी संपली कीं सर्केरिया मरतो, हें ज्याला कळलें त्यालाच असा सल्ला सुचणार. जपाननें तर ओढ्या-पाटांना सिमेंटचे कांठ बांधून गोगलगाईंचा निःपात आरंभिला, आणि १९९६ सालीं यामानाशी प्रांतांत रोग संपल्याची घोषणा झाली.

ह्या शब्दाचा आपल्या देशाशींहि संबंध आहे. पहिल्या महायुद्धानंतर बाहेरच्या देशांतून परतलेल्या सैनिकांबरोबर हा रोग हिंदुस्थानांत रुजेल काय, ही चिंता तेव्हांच्या शास्त्रज्ञांना होती. आणि येथील गोगलगाईंतून कोणकोणते सर्केरिया निघतात ह्याची मोठी पाहणी सूअल ह्यानें 'सर्केरीई इंडिकी', म्हणजे हिंदी सर्केरिया, ह्या नांवाखालीं १९२२ सालीं प्रसिद्ध केली. परंतु चिंतेचें उत्तर जेथें सांपडलें तें ठिकाण कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें. १९५२ सालीं गाडगीळ व शाह ह्यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी ह्या लहानशा गांवांत मनुष्यांतील ह्या रोगाचें ठाणें असल्याचें जाहीर केलें, आणि तेथील ओढ्यांतील टोपलीसारख्या शिंपल्याच्या एका अतिलहान गोगलगाईवर त्यांनीं १९५५ सालीं बोट ठेविलें. कोपनहेगनच्या पाण्याच्या थेंबापासून निघालेला माग असा कोंकणांतील एका ओढ्यापाशीं येऊन पोंचला. आणि हा विषय अद्यापि जुना झालेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांतील पंचवीस कोटींहून अधिक लोकांना ह्या रोगावरील प्रतिबंधक उपचाराची जरूरी होती.

आतां शब्दाकडे परत वळूं. 'सर्केरिया' हें आज कोणत्याहि प्राण्याचें पक्कें नांव नाहीं. एखादा सर्केरिया सांपडला, पण त्याचा प्रौढ कृमि कोणता हें कळलें नाहीं, तर त्याला 'सर्केरिया अमुक' असें तात्पुरतें नांव देऊन ठेवतात, आणि मोठेपणाचा पत्ता लागला कीं तें काढून घेतात. घरांत बाळाला नांव ठेवीपर्यंत नुसतें 'बाळ' म्हणावें तसें. परंतु शेपटाची सत्ता येथेंहि संपलेली नाहीं. दुभंगलेल्या शेपटाचे, आंखूड शेपटाचे, केसाळ शेपटाचे असे सर्केरियांचे वर्ग ग्रीक शब्द जोडून पाडलेले आहेत; आणि कांहीं जातींत तर ह्या अवस्थेला शेपूट मुळींच फुटत नाहीं, त्यांना 'सर्केरिइयम' असें म्हणतात. म्हणजे 'शेपूट नसलेला शेपटीवाला'! 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' म्हणतात तें असें.

आपल्याकडे शास्त्रीय परिभाषा घडविणाऱ्यांनीं ह्या कथेचा थोडा विचार करावा असें वाटतें. परक्या शब्दाचें मूळ शोधून त्याचा शब्दशः अनुवाद करणें, 'सर्केरिया'ला उदाहरणार्थ 'पुच्छक' म्हणणें, हें दिसावयास सोपें व भाषाभिमानास सुखावणारें आहे. पण असा अनुवाद करतांना आपण अडीचशें वर्षांपूर्वींच्या म्यूलरचें अज्ञान तेवढें उचलून आणतों, आणि त्यानंतरच्या संशोधकांनीं त्या शब्दांत भरलेला अर्थ तेथेंच टाकून येतों. शब्दाची व्युत्पत्ति म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. व्युत्पत्ति सांगते कीं पहिल्या पाहणाऱ्याला काय दिसलें. अर्थ सांगतो कीं शेवटच्या पाहणाऱ्याला काय समजलें. दोहोंच्या मधें जें घडतें त्याचेंच नांव शास्त्र.

म्यूलरला दोष देण्याचा येथें हेतु नाहीं. त्यानें दिलेलें नांव चुकीचें नव्हतें, तें अपुरें होतें. आणि प्रत्येक पहिलें नांव अपुरेंच असतें. शेपूट दिसलें म्हणून कोणी त्याचा पाठलाग केला, पाठलाग केला म्हणून तें गळतांना दिसलें, आणि गळतांना दिसलें म्हणून मेंढ्याहि वांचल्या व माणसेंहि वांचलीं. 'हत्ती गेला आणि शेपूट राहिलें' अशी आपल्याकडे म्हण आहे. ह्या चिमुकल्या जीवाच्या बाबतींत ती अक्षरशः उलटी होते, कारण प्राणी पुढें जातो आणि शेपूटच नाहींसें होतें. पण त्याच्या नांवाच्या बाबतींत ती शब्दशः खरी आहे. म्यूलरची कल्पना गेली, त्याची प्रजाति गेली, त्यांतील पाहुणे आपापल्या घरीं गेले; शब्दांत शेपूट तेवढें राहिलें आहे.